ज्यू धर्मविधींतली चांदी आणि तिच्यावरची नक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी संग्रहालयात काचेआडची चांदी पाहून येतं, कोणी पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) जाऊन येतं, कोणाला घरच्या कपाटात हिब्रू अक्षरं कोरलेला पेला सापडतो. मग जे प्रश्न येतात ते बरेचसे सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीलाच एक विनंती करते. नक्षीचा अर्थ शोधण्याआधी वस्तू कशासाठी वापरत होते आणि तिच्यावर कोणाचं नाव कोरलंय, हे पाहा. तेच सिंह आणि तेच मुकुट शेकडो वस्तूंवर भेटतील. नावं मात्र त्या एकाच वस्तूवर असतील.

१. ज्यू धर्मात मूर्ती नाही. मग हे चांदीचे दागिने घालतात कोणाला?

तोराच्या गुंडाळीला. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. सिनेगॉगमध्ये वाचायची प्रत छापील चालत नाही. सोफेर, म्हणजे प्रशिक्षित लेखनिक, ती चर्मपत्रावर हाताने लिहितो. मजकुरात एक वेल किंवा एक फूलही काढायची मुभा नाही. एखादं अक्षर तुटलं किंवा पुसलं, तर दुरुस्त होईपर्यंत त्या प्रतीतून वाचत नाहीत. त्यामुळे सजावटीची सगळी हौस गुंडाळीच्या बाहेरच्या अंगाला फुलली.

या हौसेला धर्माचा आधार आहे. तिला 'हिद्दुर मित्स्वा' म्हणतात, म्हणजे आज्ञा पाळायची तर ती देखणेपणाने पाळायची. तोरातल्या दुसऱ्या ग्रंथाच्या, म्हणजे निर्गमाच्या, १५ व्या अध्यायातल्या 'हा माझा देव, मी त्याचा गौरव करीन' या ओळीवरून तालमूदने, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) जुन्या चर्चांच्या ग्रंथाने, हा नियम काढला. सुंदर शोफार (फुंकायचं शिंग) घ्या, सुंदर मंडप उभारा, तोरा चांगल्या शाईने आणि चांगल्या लेखणीने लिहून घ्या, असं तिथे सांगितलंय. या देखणेपणावर मूळ खर्चाच्या एक तृतीयांशापर्यंत जादा खर्च करावा, अशी मर्यादाही घातली आहे.

२. या वस्तूंची नावं आणि कामं थोडक्यात सांगाल का?

गुंडाळीच्या दोन दांड्यांवर बसतात ते रिम्मोनिम. दोन्ही दांड्यांवर मिळून एकच मुकुट बसवला तर तो केतेर. साखळीने पुढे लटकतं ते पदक म्हणजे तास, आणि वाचताना ओळ दाखवायची काडी म्हणजे याद. घरच्या चांदीत शब्बाथच्या (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन शनिवारी रात्री संपणाऱ्या विसाव्याच्या दिवसाच्या) संध्याकाळी द्राक्षरस किंवा वाइन घेण्याचा किद्दुशचा पेला, शब्बाथ संपताना हुंगायच्या मसाल्याची डबी, हनुक्का या दिव्यांच्या सणाचा दिवा, सुक्कोथच्या सणात एत्रोग हे महाळुंगासारखं फळ ठेवायची डबी आणि पुरीमच्या सणात वाचायच्या एस्तेरच्या गुंडाळीची नळी, एवढं येतं. युरोपात एत्रोगच्या कितीतरी डब्या मुळात साखरेच्या डब्या होत्या. फळ त्यात नीट मावायचं, म्हणून त्या सणासाठी वापरात आल्या.

तासचा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. सिनेगॉगमध्ये अनेक गुंडाळ्या असतात आणि प्रत्येक गुंडाळी त्या त्या दिवसाच्या वाचनाच्या जागी लावून ठेवलेली असते. चुकीची बाहेर काढली तर सगळ्यांना ताटकळावं लागतं. म्हणून तासच्या मधोमध एक छोटी चौकट ठेवतात आणि तिच्यात शब्बाथ, पेसाह, सुक्कोथ अशी नावं कोरलेल्या पट्ट्या बदलता येतात.

३. काडीच्या टोकाला बोट का असतं? मजकुराला हात लावणं पाप आहे का?

उघड्या हाताने तोरा धरू नये असं तालमूद सांगतं. व्यवहारातलं कारणही पक्कं आहे : हाताचा घाम आणि तेल लागून चर्मपत्रावरची शाई सुटते. म्हणून याद. जुनी याद जवळून पाहा. मनगटावर बाहीची नाजूक किनार कोरलेली असते, तर्जनी पुढे आणि बाकीची बोटं मिटलेली असतात, कधी त्या इवल्या बोटात अंगठीही असते. चांगला वाचक टोक शाईला टेकवत नाही, अक्षराच्या किंचित वर धरून पुढे नेतो. चांदी शाई खरवडते, म्हणून काही ठिकाणी लाकडाच्या काड्या वापरतात.

४. डाळिंबच का? आणि त्याला घुंगरं कशाला?

निर्गमाच्या २८ व्या अध्यायात मुख्य याजकाच्या, म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याच्या, झग्याचं वर्णन आहे. त्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं, आणि प्रत्येक दोन डाळिंबांमध्ये सोन्याची घंटी. याजक पवित्र स्थानात आत-बाहेर करताना तिचा आवाज ऐकू यावा अशी आज्ञा आहे. यरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, याजकांची सेवा थांबली, आणि पुढच्या काळात त्या झग्याची आठवण तोराच्या अंगावर आली. म्हणून डाळिंब आणि घंटी दोन्ही एकत्र दिसतात. सिनेगॉगमधल्या तोराच्या कपाटातून गुंडाळी निघाली की घुंगरं वाजतात आणि माणसं उठून उभी राहतात. शब्बाथला वाजणारी वस्तू हलवावी की नाही यावर रब्बींनी भरपूर खल केला. घुंगरं मात्र टिकली.

डाळिंबात ६१३ दाणे असतात आणि तोरातल्या आज्ञाही ६१३, हे तुम्ही ऐकलं असेल. दाणे मोजले तर फळागणिक आकडा बदलतो. ही लोकश्रद्धा आहे आणि ती तशीच सांगावी. तालमूदमधलं मूळ वचन याहून साधं आणि मला जास्त आवडणारं आहे : तुमच्यातले रिते वाटणारेसुद्धा डाळिंबासारखे सत्कृत्यांनी भरलेले आहेत.

सगळे रिम्मोनिम डाळिंबासारखे दिसत नाहीत. मनोऱ्यासारखे घडवलेलेही पुष्कळ आहेत. उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी जोडी १५ व्या शतकातली, सिसिलीतली आहे आणि तिचा आकार मनोऱ्याचाच आहे. ती आज मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरातल्या कॅथेड्रलच्या खजिन्यात आहे. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना हाकललं, सिसिलीही त्याच सत्तेखाली होती. वस्तू चर्चमध्ये राहिली, माणसं गेली.

५. 'कोरीव प्रतिमा करू नका' अशी आज्ञा असताना सिंह, हरिण, गरुड कसे चालतात?

मनाई मुख्यतः पूजेसाठी केलेल्या प्रतिमांना आणि पूर्ण उठावाच्या मानवी आकृतीला आहे, असा अर्थ बहुतेक रब्बींनी लावला. प्राण्यांना त्यामुळे वाट मिळाली. सिंह यहूदाच्या वंशाचा : उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायात याकोब मुलाला 'सिंहाचा छावा' म्हणतो. हरिण याकोबाच्या दुसऱ्या एका मुलाचं, नफतालीचं. चित्ता, गरुड, हरिण आणि सिंह असे चौघे एकत्र दिसले, तर ते 'पिर्के आवोत' या ग्रंथातल्या वचनातून आले आहेत : स्वर्गातल्या पित्याची इच्छा पूर्ण करायला चित्त्यासारखा धीट, गरुडासारखा हलका, हरणासारखा वेगवान आणि सिंहासारखा बलवान हो.

दोन डोक्यांचा गरुड दिसला तर मात्र धर्मग्रंथ उघडू नका. तो बहुतेक वेळा ऑस्ट्रियाच्या किंवा रशियाच्या सम्राटाचं चिन्ह असतो, राजनिष्ठा दाखवण्यासाठी घातलेला.

विरोध झालाच नाही असं नाही. १६ व्या शतकात क्रीट बेटावरच्या कँडिया शहरात एका धनिकाने आपल्या घराण्याचं सिंहाचं चिन्ह तोराच्या कपाटावर बसवायचा घाट घातला, तेव्हा रब्बींनी त्याला अडवलं. उलट मध्य युरोपातल्या कितीतरी तासांवर मोशे आणि अहरोन दोन बाजूंना उभे असतात, आणि तेही ठसठशीत उठावात. म्हणजे एकच नियम गावोगावी वेगळा पाळला गेला.

६. तासच्या दोन बाजूंना खांब का असतात?

शलमोनाच्या मंदिरापुढचे याखीन आणि बवाज हे पितळी खांब. राजांच्या पहिल्या पुस्तकात त्यांच्या शिरांवर डाळिंबांच्या रांगा होत्या असं म्हटलंय. जर्मनीतल्या तासांवर ते पिळदार दिसतात, कारण त्या काळी तिथल्या सगळ्याच कारागिरीत पिळाच्या खांबांची चलती होती.

७. मुकुट कोणत्या राजाचा?

तोराचा. 'पिर्के आवोत' म्हणतं की मुकुट तीन : तोराचा, याजकत्वाचा आणि राजपदाचा, आणि सुकीर्तीचा मुकुट या तिन्हींच्या वर. म्हणून काही तासांवर तीन मुकुट दिसतात. मुकुटाजवळ काफ आणि ताव अशी दोनच अक्षरं असतील, तर ती 'केतेर तोरा', म्हणजे तोराचा मुकुट, याची आद्याक्षरं.

८. बोटं फाकवलेले दोन हात आणि सुरई-तस्त यांचा अर्थ काय?

हे घराण्याचं चिन्ह आहे. फाकवलेले दोन हात कोहेन घराण्याचे, म्हणजे अहरोनाचे वंशज आशीर्वाद देतात ती मुद्रा. सुरई आणि तस्त लेवी घराण्याची, कारण आशीर्वादाआधी याजकांच्या हातांवर पाणी लेवी घालतात. पेल्यावर किंवा तासवर यातलं काही दिसलं, तर दात्याचं घराणं कळलं असं समजा. एकटा उघडा पंजा, बोटं जुळलेला, ही वेगळी गोष्ट आहे. तो दृष्ट लागू नये म्हणून काढलेला हम्सा, उत्तर आफ्रिकेपासून इराकपर्यंत ज्यू आणि मुसलमान दोघांच्याही घरांत सापडणारा.

९. षट्कोणी तारा असला म्हणजे वस्तू ज्यूच, बरोबर?

नाही. ही चूक विकणारे आणि घेणारे दोघेही करतात. षट्कोण आपल्याकडच्या पूजेच्या यंत्रांत आहे, दिल्लीत हुमायूनच्या कबरीवर आहे. ज्यूंमध्ये तो प्रागच्या समाजाने १४ व्या शतकापासून आपल्या निशाणावर मिरवला, पण सगळ्या ज्यूंची खूण म्हणून तो बऱ्याच नंतर, मुख्यतः १९ व्या शतकात रुळला. १८९७ मध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट (ज्यूंना स्वतःची मायभूमी हवी असं मानणाऱ्यांची) परिषद भरली, त्यानंतर तो सर्वत्र गेला. १७ व्या शतकातली म्हणून दाखवलेली वस्तू नुसती ताऱ्यांनीच भरलेली असेल तर दोनदा विचार करा. खऱ्या-खोट्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

१०. दिव्याला कधी सात फांद्या, कधी नऊ. फरक काय?

सात फांद्यांची मेनोरा मंदिरातली. रोममधल्या टायटसच्या कमानीवर रोमन सैनिक ती लुटून नेताना कोरले आहेत. तिची हुबेहूब नक्कल करू नये असं तालमूद सांगतं. म्हणून ती चांदीवर चित्र म्हणून येते, पेटवायच्या दिव्याचा आकार म्हणून सहसा नाही. हनुक्काचा दिवा आठ वातींचा, कारण सण आठ दिवसांचा. नववी वात शमाश, बाकीच्या पेटवण्यासाठी. तिची जागा जरा वर किंवा बाजूला ठेवतात. आठ मात्र एका रेषेत हव्यात. दिव्याला उंच पाठ असेल तर तो भिंतीला लावायचा दिवा, आणि दिव्याची सगळी नक्षी त्या पाठीवर असते.

११. मसाल्याची डबी किल्ल्याच्या बुरुजासारखी का?

शनिवारी तारे दिसले की हवदाला हा विधी करून शब्बाथला निरोप देतात. तेव्हा सुवासिक काही हुंगतात, म्हणजे सरता दिवस मनाला जड जात नाही. आधी मिर्टल या सुवासिक झुडपाची डहाळी वापरत. मग लवंग-दालचिनी आली आणि तिला डबी लागली. १२ व्या शतकात रेगेन्सबुर्गचे रब्बी एफ्राइम मसाला काचेच्या भांड्यात ठेवत, अशी नोंद आहे. बुरुजाच्या आकारावर मतं अनेक. मसाला एवढा महाग होता की तो गढीतच ठेवत, असं काहीजण म्हणतात. मला दुसरं कारण पटतं : डबी घडवणारा सोनार चर्चसाठीही मनोऱ्याच्या आकाराची पात्रं घडवत होता, आणि खिडकीतून त्याला गावाच्या वेशीचा बुरूज दिसत होता. डबीवरची झेंडी, घड्याळ, पहारेकरी थेट तिथून उतरले. माशाच्या आकाराच्या डब्याही आहेत. मासा समृद्धीचा आणि वंशवृद्धीचा मानतात.

१२. हे घडवलं कोणी? ज्यू सोनारांनीच ना?

पश्चिम आणि मध्य युरोपात बहुधा नाही. तिथे ज्यूंना सोनारांच्या संघात प्रवेशच नव्हता. ऑग्सबुर्ग, न्यूरेम्बर्ग, फ्रँकफुर्ट इथली नावाजलेली ज्यू चांदी ख्रिस्ती कारागिरांच्या हातची आहे. फ्रँकफुर्टचा योहान व्हॅलेंटिन श्यूलर हे त्यातलं मोठं नाव. ऑग्सबुर्गचा शिक्का म्हणजे पाइनच्या झाडाचं बोंड. कारागिराला हिब्रू वाचता येत नसे, म्हणून अक्षरं कधी उलटी, कधी एकमेकांत गोंधळलेली सापडतात. तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरवू नका.

बाहेरचं चित्र वेगळं. येमेनमध्ये चांदीकाम हा ज्यूंचाच धंदा होता आणि तिथलं तारकाम पाहताना नजर हटत नाही. १९४९-५० मध्ये येमेनी ज्यू मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, पण त्याआधीच तिथले काही कारागीर जेरुसलेमच्या बेझालेल कलाशाळेत काम करत होते. ही शाळा बोरिस शात्झ यांनी १९०६ मध्ये काढली. अमेरिकेत न्यूयॉर्कचा मायर मायर्स (१७२३-१७९५) स्वतः ज्यू होता. त्याने न्यूयॉर्क, न्यूपोर्ट आणि फिलाडेल्फिया इथल्या सिनेगॉगसाठी रिम्मोनिम घडवले.

१३. महाराष्ट्रातल्या ज्यूंकडे अशी चांदी असते का? ती वेगळी दिसते का?

असते, आणि वेगळी दिसते. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल, म्हणजे पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे 'शनवार तेली', तसेच बगदादहून आलेले ज्यू, हे दोघेही तोरा मखमली झग्याऐवजी 'तिक'मध्ये ठेवतात. तिक म्हणजे उभं, गोल, लाकडी पेटीसारखं आवरण. त्यावर कधी मखमल, कधी चांदीचा पत्रा. ते दोन पाखांनी उघडतं, गुंडाळी आतच राहते आणि उभी ठेवूनच वाचतात. रिम्मोनिम तिकच्या माथ्यावर खोवतात. युरोपातल्या झग्यावर लटकणारा तास इथे लागत नाही.

मुंबईचं शाअर हारहामीम हे बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग. ते १७९६ मध्ये उभं राहिलं. पुण्याचं ओहेल डेव्हिड, म्हणजेच लाल देऊळ, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि ते त्यांच्या निधनानंतर १८६७ मध्ये पूर्ण झालं. पाहायला जाणार असाल तर आधी परवानगी घ्या, आणि कपाट उघडायचा आग्रह धरू नका.

बेने इस्रायलांच्या मलिदा या घरगुती विधीत चांदी असलीच पाहिजे असं काही नाही. पोहे, खोबरं, साखर, फळं आणि सुवासाच्या आशीर्वादासाठी सब्जाची डहाळी, हे घरातल्या रोजच्या ताटातही मांडतात.

१४. कोरलेलं वर्ष कसं वाचायचं?

हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. समजा शेवटी ताव, रेश, नून अशी अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, नून ५०, मिळून ६५०. पुढचे पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, म्हणून वर्ष ५६५०. छोट्या आकड्यात १२४० मिळवा, म्हणजे १८९० येतं. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं, तेव्हा नेमकं उत्तर १८८९-९०.

खरी गंमत पुढे आहे. कधी आकडा सरळ न लिहिता धर्मग्रंथातली एक ओळ कोरतात आणि तिच्यातल्या काही अक्षरांवर ठिपके देतात किंवा ती मोठी काढतात. तेवढ्याच अक्षरांची बेरीज म्हणजे वर्ष. ओळही दात्याने विचार करून निवडलेली असते. कधी तिच्यात मेलेल्या मुलाचं नाव येतं, कधी लग्नाचा उल्लेख. मागच्या बाजूला बायकांची नावं बऱ्याचदा सापडतात : अमक्याची मुलगी, तमक्याची विधवा, हे पतीच्या आत्म्यासाठी दिलं. गावाच्या दप्तरात जिचं नाव कुठे नसेल अशी बाई इथे भेटते. म्हणून वस्तूचा फोटो पाठवताना मागची बाजू आणि कडा नक्की पाठवा.

१५. वस्तू खरी जुनी आहे की नक्कल, हे घरी ओळखता येईल का?

पक्कं नाही. संशय घेण्याइतपत मात्र येईल. शिक्के पाहा. रशियन साम्राज्यात ८४ हा आकडा, म्हणजे ९६ भागांत ८४ भाग चांदी (हजारी ८७५). ऑस्ट्रियाच्या जुन्या चांदीवर १३, म्हणजे १६ भागांत १३. जर्मनीत १८८८ पासून अर्धचंद्र, मुकुट आणि ८०० किंवा त्याहून मोठा आकडा. ब्रिटिश स्टर्लिंगवर चालता सिंह, चांदी ९२५. या सिंहाचा यहूदाशी काही संबंध नाही.

८४ चा खोटा शिक्का मारलेला नवा माल बाजारात भरपूर आहे. दुसरी फसवणूक जास्त चलाख असते. चांदी जुनी आणि खरी, शिक्काही खरा, पण साध्या पेल्यावर हिब्रू ओळ अलीकडे कोरून त्याला किद्दुशचा पेला केलेलं. भिंगाखाली कोरीव रेषेच्या कडा पाहा. जुन्या रेषा वापराने आणि पुसण्याने गुळगुळीत झालेल्या असतात. आजूबाजूची नक्षी झिजलेली आणि अक्षरं तेवढी धारदार असतील, तर घेऊ नका.

१६. युरोपातली जुनी वस्तू विकत घ्यावी का? ती लुटीची असेल तर?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. नाझी राजवटीत नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीतली शेकडो सिनेगॉग जाळली-लुटली गेली. फेब्रुवारी १९३९ मध्ये ज्यूंनी आपलं सोनं-चांदी सरकारी तारणगृहांत जमा करावं असा हुकूम निघाला, आणि त्यातलं पुष्कळ वितळवलं गेलं. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या उद्ध्वस्त समाजांच्या वस्तू १९४२ पासून प्रागच्या संग्रहालयात गोळा झाल्या. तिथे काम करायला लावलेल्या ज्यू अभ्यासकांनी एकेका वस्तूची काटेकोर नोंद केली. त्यांतले बहुतेक पुढे छावण्यांत मारले गेले. आज आपल्याला त्या वस्तू कोणत्या गावच्या हे कळतं ते त्यांच्यामुळे. युद्धानंतर ज्यांचे वारस उरले नव्हते अशा वस्तू १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एका ज्यू संस्थेने इस्रायल, अमेरिका आणि इतर देशांतल्या संस्थांना वाटल्या. विचारवंत हाना आरेंट त्या संस्थेच्या कार्यकारी सचिव होत्या.

म्हणून घेण्याआधी १९३३ ते १९४५ या काळात वस्तू कोणाकडे होती, हे लेखी मागा. उत्तर मिळालं नाही तर सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी. अशी वस्तू आधीच तुमच्याकडे असेल तर कोरलेलं गाव आणि नाव नीट टिपून एखाद्या ज्यू संग्रहालयाला कळवा.

१७. चांदीच लागते का? स्टीलचा पेला चालणार नाही?

चालतो. चांदी ही हौस आहे, अट नाही (प्रश्न १). किद्दुशच्या पेल्याला अट आहे ती मापाची : साधारण ८६ मिलिलिटर तरी मावलं पाहिजे, आणि कडक मत मानणारे सुमारे १५० धरतात. पेला फुटका किंवा गळका नसावा आणि स्वच्छ धुतलेला असावा.

१८. काळी पडलेली चांदी कशी साफ करावी?

चिंच, रांगोळी, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. यांनी कोरीव अक्षरं झिजतात, आणि आतला सोन्याचा मुलामा गेला की परत येत नाही. मऊ सुती कापडाने कोरडं पुसा. हनुक्काच्या दिव्यावरचं मेण चाकूने खरवडू नका, कोमट पाण्याने मऊ करून काढा. रबरबँड आणि लोकरीपासून लांब ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. रिम्मोनिमचं एखादं घुंगरू गळालं असेल तर ते पुडीत घालून सोबत ठेवा, नवं डकवू नका.

१९. आम्ही ज्यू नाही. अशा वस्तूला हात लावला तर बाटते का?

नाही. घडवणारेच पुष्कळदा ज्यू नव्हते (प्रश्न १२). तोराच्या चर्मपत्राला मात्र कोणीच उघडा हात लावत नाही, ज्यूसुद्धा (प्रश्न ३).

२०. घरातली जुनी वस्तू विकायची किंवा मोडीत घालायची असेल तर?

वस्तू कोणती यावर अवलंबून आहे. किद्दुशचा पेला, मसाल्याची डबी, हनुक्काचा दिवा या आज्ञा पाळायच्या साधनांत मोडतात. आदराने ठेवाव्यात, पण विकायला बंदी नाही. रिम्मोनिम, मुकुट, तास, तिक यांचा दर्जा वरचा, कारण त्या तोराच्या अंगावरच्या वस्तू आहेत. १२ व्या शतकात मायमोनिदीस या ज्यू धर्मशास्त्र्याने स्पष्ट लिहिलंय की सोन्या-चांदीचे रिम्मोनिम साध्या कामासाठी वापरू नयेत. ते विकायचे तर तोराची गुंडाळी किंवा तोराचा ग्रंथ विकत घेण्यासाठीच. सिनेगॉगला दिलेली वस्तू दात्याच्या नातवालाही परत नेता येत नाही, ती समाजाची झालेली असते.

अवघड प्रसंग येतो तो समाजच उरला नसेल तेव्हा. कोकणातल्या काही गावांत आज प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमत नाहीत. अशा ठिकाणची तोरा आणि तिची चांदी चालू असलेल्या दुसऱ्या सिनेगॉगकडे सोपवावी, मग ते मुंबईत असो, ठाण्यात असो की इस्रायलमध्ये. सोपवताना वस्तूंची यादी करा, प्रत्येकीचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कोरलेली नावं हिब्रू आणि देवनागरी दोन्हींत उतरवून घ्या आणि मूळ गावाचं नाव कागदावर लिहून द्या. मोडीत घालायचा विचार करत असाल तर त्याआधी एकदा फोटो पाठवा. वाचता येईल तेवढं वाचून कळवते.